पाखरांकडे नीट पाहा: ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी उघड्यावरचं संडे स्कूल

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन अशा चार जागी पडलेल्या बियांची गोष्ट, आपल्याकडे बहुतेक वेळा पंख्याखाली, सतरंजीवर बसून शिकवला जातो. चार जमिनींची चार चित्रं लावायची, सोनेरी वचन पाठ करून घ्यायचं, चॉकलेट वाटायचं आणि सोडायचं. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे पुरतं. सहावी-सातवीतलं मूल मात्र खिडकीबाहेर बघू लागतं. ज्याने हा दाखला सांगितला तो सरोवरात मचव्यात बसला होता आणि ऐकणारे उघड्या किनाऱ्यावर उभे होते. बायबलमधल्या मत्तयाच्या ६ व्या अध्यायात पाखरांकडे पाहायला आणि रानातली भूकमळं कशी वाढतात ते लक्षात घ्यायला सांगितलं आहे. २८ व्या वचनातलं मूळ ग्रीक क्रियापद आहे 'कातामाथेते', म्हणजे नीट अभ्यासून शिका. ही आज्ञा आहे, आणि ती पाळायला बाहेर जावं लागतं.

हा लेख मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी आणि धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांसाठी आहे. सगळी मापं १६ मुलांच्या गटाची आहेत. जागा म्हणून चर्चचं आवार, जवळचा माळ, ओढा आणि ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत एवढं पुरे. जुन्या मिशन कंपाउंडमध्ये चिंच, वड, कडुनिंब असतातच; वसईकडच्या वाड्यांत तर विहीर, केळी आणि फुलझाडंही हाताशी असतात. दूरच्या जंगलात वर्षातून एक सहल काढण्यापेक्षा त्याच आवारात वर्षभरात २० वेळा बसलेलं बरं, कारण बदल दिसतो तो परत परत आल्यावर.

सगळ्या पद्धतीचा कणा एकच: आधी पाहा, मग वाचा. वचन आधी वाचलं की मुलं त्या वचनाचं उत्तर शोधतात, ते सापडलं की थांबतात आणि समोरच्या मुंगीकडे पाहायचं राहून जातं. तासभर मुंग्या पाहून मग नीतिसूत्रे ६:६-८ वाचलं की मुलं स्वतःच म्हणतात, 'हो, त्यांचा मुकादम नव्हताच!'

निघण्याआधीची तयारी

पहिला प्रश्न वेळेचा. रविवारी उपासना संपते तोवर साडेअकरा वाजतात, मुलं भुकेली आणि पाखरं सावलीला गेलेली असतात. ही वेळ घेऊ नका. शनिवारी सकाळी ७ ते १० उत्तम. शाळा आड येत असेल तर रविवारी दुपारी ४ ते ६. मार्चनंतर सकाळी ९ च्या आत सगळं उरकायचं.

दुसरा प्रश्न माणसांचा. दर ८ मुलांमागे एक मोठं माणूस; आवाराबाहेर जायचं असेल तर दर ६ मुलांमागे एक. कमीत कमी दोघं हवीतच, आणि गटात मुली असतील तर त्यांतली एक स्त्री. कोणतंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकट्याने नजरेआड जाणार नाही, हा नियम पाळकांनाही (मंडळीच्या धर्मगुरूंनाही) लागू. त्यात संशय कोणावरच नाही. तो मुलाचंही रक्षण करतो आणि शिक्षकाचंही.

पालकांकडून वर्षारंभी लेखी संमती घ्या. तिच्यात दम्याचा पंप लागतो का, मधमाशी किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, चालू औषध कोणतं, दोन फोन नंबर आणि फोटो काढायला हरकत आहे का, एवढं हवं. मुलांचे वर्गमित्र यायला बघतात, त्यांत इतर धर्मांची मुलंही असतात. त्यांच्या आईवडिलांना आधी स्पष्ट सांगा की इथे पवित्र शास्त्राचं वाचन आणि प्रार्थना असते. त्यांनी हे समजून, लेखी होकार दिला तरच मूल घ्या. 'निसर्गसहल' म्हणून बोलावून प्रार्थनेला बसवणं अप्रामाणिक आहे.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाहा. आग्यामोहोळ आहे का, विहिरीला कठडा आहे का, मोकाट कुत्री कुठे बसतात, आणि दहा मिनिटांत पोचता येईल असं पक्कं छप्पर कोणतं. सर्पदंशावरची लस असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं ते फोन करून विचारा. फलकावर दवाखाना लिहिलंय म्हणजे लस असेल असं नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारी ८ भिंगं (दोघांत एक), कोऱ्या पानांच्या १६ वह्या, पेन्सिली, ५ मीटरची टेप, एक साधा तापमापक, पांढरी चादर, सुतळीचा गुंडा, दोन खुरपी, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पिशवी. पिशवीत क्षारसंजीवनीची (ओआरएस) ४ पाकिटं ठेवा. एक पाकीट १ लिटर पाण्यातच कालवायचं, अर्ध्या बाटलीत नाही. दर मुलाने दीड लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्या आणि बूट. चपला आणि सँडल घालून आलेल्या मुलाला आवारातलं काम द्या, माळावर नेऊ नका. मोबाइल फक्त मोठ्यांकडे.

तीन तास कसे जावेत

७ वाजता जमून मोजणी. मोजणी म्हणजे दर मुलाला क्रमांक आणि त्याने तो स्वतः ओरडून सांगायचा; शिक्षकाने बोटाने मोजलं की हलणारी मुलं दोनदा मोजली जातात. सव्वासातला प्रत्येक जण 'आपल्या जागी' जातो. ही जागा वर्षभर एकच: एखाद्या झाडाचं बूड, पायरीचा कोपरा, बांधाचा दगड. दोन मुलांत साधारण १० मीटर अंतर, पण सगळी शिक्षकाच्या नजरेत. तिथे बोलायचं नाही, लिहायचं नाही, फक्त बसायचं. पहिल्या दिवशी ५ मिनिटं पुरेत. तिसऱ्या मिनिटाला खुसखुस सुरू होईल, ती होऊ द्या. दर वेळी दोन मिनिटं वाढवली की पाचव्या-सहाव्या बैठकीला मुलं १५ मिनिटं सहज बसतात. शिक्षकानेही बसायचं. तो फोन पाहत उभा राहिला तर मुलं शांततेला शिक्षा समजतात.

साडेसात ते साडेआठ त्या दिवसाचं हाताचं काम. मग २० मिनिटं खाणं: चिक्की, केळी, उकडलेल्या शेंगा. त्यानंतर २० मिनिटं वही. नऊ-सव्वानऊला गोल करून वाचन, बोलणं, प्रार्थना. शेवटी आवराआवर आणि पुन्हा क्रमांक.

वाचनात एक उतारा, एका मुलाने, सावकाश. मग शिक्षकाने एकच प्रश्न टाकायचा: 'आज पाहिलेलं आणि हे वाचलेलं कुठे जुळतं, कुठे जुळत नाही?' दुसरा भाग सोडू नका. न जुळणारं बोलायची मोकळीक मिळाली की या वयाची मुलं मनापासून बोलतात. गाण्यासाठी आपल्याकडे फुला-मुलांचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा ठेवा आहे. ती पदं झाडाखाली, पेटीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर म्हणून बघा.

वही

पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, तापमान, ढग आणि वाऱ्याची दिशा. खाली चित्र, चित्राशेजारी माप, आणि तीन ओळी: काय दिसलं, ते कसं कळलं, काय कळलं नाही. 'सुंदर फूल होते' असं कोणी लिहिलं तर पुसायला लावू नका. पाकळ्या किती, देठ किती सेंटिमीटर, एवढं विचारा. सुंदर हा शब्द पुढच्या वेळी आपोआप कमी होतो आणि पान भरतं.

चित्राला गुण द्यायचे नाहीत. बरी चित्रं काढणाऱ्या दोन मुलांचं कौतुक झालं की बाकीची चौदा चित्र काढणं सोडतात. पानाच्या तळाशी हवी तर एक ओळ प्रार्थनेची. ती शिक्षकाने वाचायची नाही, तपासायची नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं.

पेरणाऱ्याचा दाखला, प्रत्यक्ष जमिनीवर

वर्षातलं मुख्य काम हेच. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

वेळ: ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात करू नका, कारण तेव्हा पाणी तोडणं आपल्या हाती नसतं, आणि खडकाळ जमिनीचं गुपित पाणी तोडल्याशिवाय उघडत नाही. पीक: गहू. मोहरीचा मोह होतो, पण तिचा दाणा बारीक, मोजायला कठीण.

बियाणं: दर चौकोनाला १०० दाणे, म्हणजे चार चौकोनांना साधारण १६ ग्रॅम, मूठभरही नाही. दुकानातलं गुलाबी-लाल रंग चढवलेलं बियाणं आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. मुलांच्या हाताला लागतं आणि चिमण्यांनी खाल्लं तर त्यांना विषबाधा होते. शेतकऱ्याकडचा साधा, या वर्षीचा गहू घ्या. आठवडाभर आधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत १६ च्या वर मोड आले तर बियाणं चांगलं. ही चाचणी टाळली आणि गहू जुना निघाला, तर चांगल्या जमिनीतही काही उगवत नाही आणि प्रयोग तिथेच संपतो.

आता चौकोन. प्रत्येक १ मीटर बाय १ मीटर, सुतळीने आखलेला, सगळ्यांवर सारखं ऊन.

पहिला, वाटेवरचा. रोजच्या पायवाटेचा तुकडा मिळाला तर उत्तम. नाहीतर जमीन ओली करून दोन दिवस मुलांना तिच्यावर नाचू द्या. दाणे वरच पसरा, झाकू नका.

दुसरा, खडकाळ. २० सेंटिमीटर माती काढा, तळाशी फरशीचे तुकडे किंवा चपटे दगड एकमेकांना भिडवून बसवा, त्यावर ३ ते ४ सेंटिमीटर चाळलेली माती. पुष्कळ जण इथे मातीत खडे मिसळतात. ते चूक आहे. मार्क ४:५ मधली जमीन खड्यांची नाही; वर माती, खाली खडक अशी आहे. वरून ती चांगल्या जमिनीसारखीच दिसते आणि दाखल्याची सगळी धार तिथे आहे.

तिसरा, काटेरी. जिथे हराळी किंवा लव्हाळा माजलेला असतो अशी जागा निवडा. वरवरचं गवत खुरप्याने खरवडून काढा, गाठी आणि मुळ्या तशाच ठेवा. जमीन स्वच्छ दिसली पाहिजे. दाखल्यात काटेरी झाडं पिकाबरोबर वाढली, पेरताना ती उभी नव्हती. गाजरगवत मात्र वापरू नका. त्याने कातडीला खाज आणि पुरळ येतं.

चौथा, चांगली जमीन. ३० सेंटिमीटर खोल खणून ढेकळं फोडा, एक घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा, लव्हाळ्याच्या गाठी निवडून काढा.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनात दाणे हाताने फेकून वर २ सेंटिमीटर माती ओढा. खडकाळ चौकोनात दाणा फरशीवर पोचणार नाही इतकं वरच ठेवा. शेतकरी घरातली मुलं इथे हमखास विचारतात की तो पेरणारा एवढा बेफिकीर कसा, वाटेवर बी का टाकतो? आपल्याकडे पाभरीने ओळीत पेरतात. तिकडे, येशूच्या देशात, हाताने फेकून पेरत आणि शेतातूनच पायवाटा जात. फेकताना काही दाणे तिकडे जाणारच. मुलांना फेकून पेरू दिलं की उत्तर त्यांच्याच हाताला मिळतं.

पाणी: पेरल्यावर दर चौकोनाला ५ लिटर, झारीने. मग आठ दिवस एक दिवसाआड ३ लिटर. नंतर ६ दिवस सगळ्यांचं पाणी बंद. मग चौथ्या आणि तिसऱ्याचं पुन्हा सुरू, आठवड्याला दोनदा.

रोजची नोंद दोन मुलांकडे, पाळीपाळीने: किती उगवले, उंची किती, दुपारी पानं कशी होती. घडतं ते असं. वाटेवरचे दाणे दोन-तीन दिवसांत चिमण्या, कबुतरं आणि मुंग्या नेतात. खडकाळ चौकोनात अंकुर बहुधा सर्वांत आधी दिसतो, कारण उथळ माती लवकर तापते, आणि मुलं त्या चौकोनावर खूश होतात. पाणी तोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी तीच रोपं मान टाकतात. एक रोप हळू उपटून मुळं फरशीवर आडवी पसरलेली दाखवा. चौथ्या चौकोनातलं एक रोपही उपटून शेजारी ठेवा. काटेरी चौकोन मात्र धीर बघतो. पाच-सहा आठवडे गहू ठीक दिसतो, मग लव्हाळा वर येतो, गहू पिवळट पडतो, ओंब्या येतात त्या अर्ध्या पोचट.

बिघडतं कुठे? पहिलं, चौथ्या चौकोनावर कोंबड्या किंवा कुत्री. पहिले दहा दिवस बाभळीच्या फांद्या टाकून ठेवा. दुसरं, फरशीच्या फटी. मुळं फटीतून खाली गेली तर खडकाळ रोपं जगतात. फटी चिकणमातीने बुजवा. तिसरं, दया. कोणीतरी मूल सुकणाऱ्या रोपांना गुपचूप पाणी घालतं. त्याला रागावू नका. नोंदवहीत 'आज पाणी घातले गेले' एवढं लिहायला सांगा. त्या दयेवर नंतर बोलता येतं. चौथं, सुट्ट्या. नाताळच्या गडबडीत पाणी विसरतं, म्हणून २० डिसेंबर ते ५ जानेवारीची पाळी आधीच वाटून द्या.

पीक मार्चमध्ये हाती येतं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात. एका दाण्यापासून किती फुटवे, किती ओंब्या, किती दाणे हे मोजा. तीन ओंब्या आणि प्रत्येकीत ४० दाणे निघाले तर १२० पट झाले. दाखल्यात (मार्क ४:८) चांगल्या जमिनीतलं पीक ३०, ६० आणि १०० पट येतं. मग मूल म्हणेल, 'यात विशेष काय? ज्वारीच्या एका कणसात तर हजारावर दाणे असतात!' इथे शेतकऱ्याचा हिशेब मांडा. बागायती गव्हाला एकरी ४० किलो बियाणं पडतं. १४ ते १६ क्विंटल पीक आलं तर ३५ ते ४० पट. सगळे दाणे उगवत नाहीत, उगवलेले सगळे तग धरत नाहीत. म्हणजे शेताच्या हिशेबात आजही ३० पट ठीक, ६० पट फार उत्तम, आणि १०० पट ऐकून शेतकरी चमकणार. दाखला ऐकणाऱ्यांना शेती ठाऊक होती. हा हिशेब झाल्यावरच दाखला पूर्ण वाचा, आणि शेजारी योहान १२:२४ मधला भूमीत पडणारा गव्हाचा दाणा.

एक गोष्ट कळकळीने: 'तू कोणती जमीन आहेस?' हा प्रश्न गटासमोर विचारू नका. तेरा वर्षांचं मूल स्वतःवर 'खडकाळ' असा शिक्का मारून घेतं आणि तो पुष्कळ दिवस पुसला जात नाही. मार्क ४:१० पाहा, अर्थ शिष्यांनी एकांतात, स्वतःहून विचारला होता. वाट पाहा. मूल विचारतं ते बहुतेकदा आवराआवर करताना, हातात खुरपं असताना. एखादं मूल वाटेचा चौकोन खणून पुन्हा पेरू का असंही विचारेल. लगेच खुरपं द्या.

बाकीचं वर्ष

जूनमध्ये ढग. लूक १२:५४-५५ मध्ये पश्चिमेकडून ढग आला की पाऊस आणि दक्षिणवारा सुटला की उकाडा, असा तिकडचा अंदाज आहे. पश्चिमेला त्यांचा समुद्र. पंधरा दिवस मुलांनी ढग आणि वाऱ्याची दिशा नोंदवायची. मोसमी पाऊस आपल्याकडेही पश्चिमेकडून येतो, पण देशावरचा वळीव बऱ्याचदा पूर्वेकडून चाल करतो. अंदाज कुठे लागू पडला, कुठे चुकला, हे मुलांनीच ठरवावं.

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तेरडा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' हे मुलांनी ऐकलेलं असतं, आता तपासा. उमलत्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि ते गळेपर्यंत दिवस मोजा. दर मुलाचं एक फूल, म्हणजे १६ नोंदी, त्यांची सरासरी काढा. मग मत्तय ६:२८-३०, आज आहे आणि उद्या भट्टीत जाणारं रानातलं गवत. तिकडे वाळलं गवत खरोखर भाकरीची भट्टी पेटवायला वापरत, हे सांगितल्याशिवाय वचन अर्धंच कळतं. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातल्या अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात. १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन ऑर्थोडॉक्स मंडळीच्या पेट्रिआर्कनी (प्रमुख धर्माध्यक्षांनी) १९८९ मध्ये सुरू केला आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. आपल्याकडे नेमका तेव्हाच माळ फुललेला असतो.

द्राक्षबाग जवळ असेल, नाशिक-सांगलीकडे असतेच, तर योहान १५ साठी दोनदा जा. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षात दोनदा होते: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची फळासाठी. शेतकऱ्याला विचारा की कोणती काडी ठेवतो आणि का. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे. म्हणून छाटणीच्या दिवशीच, लेप लावण्याआधी जा, आणि शेवटची फवारणी कधी झाली ते विचारूनच पाऊल टाका.

डिसेंबरमध्ये एक रात्र आकाशाची. अंधार पडल्यावर पूर्वेला कृत्तिका आणि मृग दिसतात, आणि ईयोब ३८:३१ मध्ये याच दोन तारकापुंजांचं नाव येतं. दुर्बीण लागत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, नाहीतर दर वेळी डोळे पुन्हा अंधाराला सरावायला २० मिनिटं जातात.

जानेवारी-फेब्रुवारी पाखरांचे. हिवाळी पाहुणे, म्हणजे परीट, भिंगऱ्या, बदकं, अजून इथेच असतात. यिर्मया ८:७ मध्ये आपली येण्याची वेळ जाणणारी पाखरं हीच जातकुळी. फेब्रुवारीत जगभर चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. १५ मिनिटं एका जागी बसून मोजलेली पाखरंही त्यात नोंदवता येतात. चिमण्या मोजून झाल्यावर एक गणित घाला: मत्तय १०:२९ मध्ये दोन चिमण्या एका दमडीला, लूक १२:६ मध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. मग पाचवी कितीला पडली? फुकट. आणि तिचाही देवाला विसर पडत नाही. हे मुलांच्या तोंडून येऊ द्या, आपण सांगू नका.

मार्चमध्ये उंबर. येशूला पाहायला जक्कय ज्या झाडावर चढला (लूक १९), त्याला मराठी पवित्र शास्त्रात उंबर म्हटलंय. ते झाड आपल्या उंबराचं भावंड, आणि दोघांचीही फळं थेट खोडा-फांद्यांवर घोसाने लगडतात. गळलेलं उंबर पांढऱ्या कागदावर सुरीने उघडा. आतून चिमुकल्या माश्यांसारखे कीटक निघतात. फुलं आतच असतात आणि हे कीटक नसतील तर त्यांचं परागीकरण होत नाही. भिंग इथेच सर्वांत जास्त लागतं. सुरी शिक्षकाकडेच.

अडचणीचे प्रश्न

शिक्रा पारव्याच्या पिलाला धरतो आणि मुलं तुमच्याकडे बघतात. 'देवाने असं का केलं?' घाईने 'माणूस पापात पडला म्हणून' या उत्तरावर उडी मारू नका. स्तोत्र १०४:२१ मध्ये सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाकडे अन्न मागतात. ईयोब ३९:३० मध्ये गरुडाची पिलं रक्त पितात. शास्त्र हे लपवत नाही, मग आपण का लपवावं? वाचा, आणि उत्तर पूर्ण न देता थांबायची तयारी ठेवा.

उत्क्रांतीचा प्रश्न आठवीत येतोच. शाळेच्या पुस्तकाची थट्टा करू नका. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सरळ सांगा, उत्पत्तीचा पहिला अध्याय ख्रिस्ती लोक एकाच पद्धतीने वाचत नाहीत हेही सांगा, आणि पाळकांना पुढच्या बैठकीला बोलवा. मुलाला शाळा आणि मंडळी यांपैकी एकाशी खोटं बोलायला लावलं, तर मोठेपणी ते बहुधा मंडळीकडे पाठ फिरवतं.

उलट चूकही होते: प्रत्येक गोष्टीतून प्रवचन पिळून काढणं. मोहरीच्या फुलाच्या चार पाकळ्या क्रूसासारख्या असतात आणि त्या कुळाचं जुनं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं. मुलांना हे जरूर दाखवा. पण त्यावरून ख्रिस्ताचा पुरावा मांडू नका; पाच पाकळ्यांचं फूल पुढच्याच वळणावर आहे.

धोके

दगड हाताने उलथायचा नाही. काठीने, आणि आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते. कोकणात आणि खडकाळ माळावर फुरसं दगडाखालीच असतं; नाग, मण्यार आणि घोणसही महाराष्ट्रभर आहेत. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मुलाला निजवा, अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि लस असलेल्या रुग्णालयात न्या. साप मारण्यात किंवा शोधण्यात एक मिनिटही घालवू नका.

वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर लगेच पक्क्या छपराखाली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही, अगदी चर्चच्या चिंचेखालीसुद्धा. आग्यामोहोळ असेल तिथे अत्तर, धूर, दगड आणि आरडाओरड बंद. खाजकुयलीच्या शेंगा दिवाळीनंतर वाळतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग पाण्याने धुवा. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

घरटी, अंडी, पिलं यांना हात नाही. अनुवाद २२:६-७ मध्ये घरट्यातल्या आईला सोडून द्यायची आज्ञा आहे, आणि ही बंदी समजावायला त्याहून चांगला उतारा नाही. आपला १९७२ चा वन्यजीव कायदाही आहेच.

वर्ष संपताना वह्या मुलांना घरी द्या, पण 'आपली जागा' या पानाचा फोटो काढून ठेवा. जूनमध्ये नवी सहावी येते तेव्हा जुन्या मुलाने नव्या मुलाला हाताला धरून त्या जागी नेऊन बसवायचं आणि तिथे काय काय दिसतं ते सांगायचं. चौकोनांतला गहू काढला असेल. त्यातले चारशे दाणे निवडून, ऊन दाखवून, कडुनिंबाच्या पाल्यात काचेच्या बरणीत ठेवा. पुढच्या नोव्हेंबरची पेरणी त्याच दाण्यांची.